आधी शिजू द्या, मग आंबट : फरसबी आणि हिरव्या शेंगा शिजवण्याच्या कोकणी तऱ्हा

आमच्याकडे फरसबी घाटावरून येते. बेळगावची भाजी आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडी-वेंगुर्ल्याला, कोल्हापूरची फोंड्याच्या किंवा करूळच्या घाटाने कणकवली-वैभववाडीला. खाली कोकणात तिला हवा मानवत नाही. फार उष्मा आणि दमटपणा झाला की फूल गळतं, शेंग धरत नाही. आपल्या मळ्यात, वायंगणी शेतात, कुंपणावर होतात त्या चवळीच्या शेंगा, वाल, पावटे आणि गवार. त्यामुळे या घरच्या शेंगांना कोकणाने शंभर तऱ्हेने शिजवलं आणि फरसबीला मात्र पाहुणीसारखं एकाच ताटात बसवून ठेवलं. बारीक चिरायची, मोहरी-हिंगाची फोडणी, वर खोबरं-कोथिंबीर, झालं.

ती भाजी चांगलीच असते. पण त्या एका भाजीवर थांबायचं काही कारण नाही. फरसबीची स्वतःची चव सौम्य, किंचित गोडसर आणि हिरवी असते. कोकणातल्या फडताळात मसाल्याच्या ज्या वस्तू आहेत, म्हणजे तिरफळ, सोलं (म्हणजे आमसुलं), आगळ (कोकमाचा खारवलेला रस), सुका जवळा (अगदी बारीक कोळंबी), ओले काजूगर, रायवळ आंबा, हळदीचं पान, त्यांतली प्रत्येक वस्तू अशा सौम्य शेंगेवर उठून दिसते. गेली काही वर्षं मी या सगळ्या जोड्या जुळवून पाहते आहे. जमल्या त्या इथे मापासकट देते. मापं २५० ग्रॅम फरसबीची, म्हणजे तीन-चार माणसांना बाजूची भाजी म्हणून पुरेल इतकी आहेत. फरसबीऐवजी कोवळ्या चवळीच्या शेंगा घेतल्या तरी बहुतेक सगळं तसंच चालतं. जिथे फरक पडतो तिथे सांगितलं आहे.

शेंग निवडताना

शेंग हातात घ्या आणि मधोमध वाकवा. कट्कन आवाज करून तुटली आणि तुटलेल्या जागी पाण्याचा थेंब दिसला तर ती ताजी. वाकली पण तुटली नाही तर दोन-तीन दिवसांपूर्वीची आहे. शेंगेच्या अंगावरून बोट फिरवताना आतले दाणे गाठीसारखे लागत असतील तर ती जून झाली. तिची साल चिवट होते, कितीही शिजवली तरी तोंडात चोथा राहतो. अशी शेंग घरी आलीच तर सोलून फक्त दाणे घ्या आणि आमटीत घाला, भाजीत नको.

आठवडी बाजारात जाल तर सकाळी लवकर जा. फरसबी पाणी मारून ठेवलेली असते आणि आमच्या हवेत ओली शेंग दुपारपर्यंत बुळबुळीत व्हायला लागते. घरी आणल्यावर धुऊ नका. वर्तमानपत्रावर पसरून वारा लागू द्या, मग सुती फडक्यात सैल गुंडाळून फ्रीजच्या खालच्या भाजीच्या कप्प्यात ठेवा. वरच्या, अगदी थंड कप्प्यात ठेवली तर या शेंगेला थंडी बाधते आणि अंगावर तांबूस डाग पडतात. चार दिवसांत संपवावी.

धुवायची ती चिरण्याआधी. चिरून धुतली तर चव पाण्याबरोबर मोरीत जाते. दोन्ही टोकं मोडा, मोडताना बाजूचा दोरा निघतो का पाहा. हल्लीच्या वाणांना दोरा फारसा नसतो, पण गावठी शेंगेला असतो आणि तो एकजरी राहिला तरी जेवणाऱ्याच्या दातात जातो.

आता चिरण्याविषयी, कारण नव्या चवीचं अर्धं काम इथेच होतं. रोजच्या भाजीसाठी आपण विळीवर तिचा अगदी बारीक चुरा करतो. त्यामुळे शेंग लवकर शिजते, पण तिचं अंगच उरत नाही. खालच्या पदार्थांसाठी बोटाच्या दोन पेरांएवढे, तिरके तुकडे करा. तिरक्या कापाला मसाला धरायला जास्त जागा मिळते.

एक गोष्ट स्पष्ट सांगते. फरसबी कच्ची खाऊ नये. तिच्यात लेक्टिन नावाचं प्रथिन असतं, कच्चं पोटात गेलं तर मळमळ, उलट्या, पोटदुखी होते. नीट शिजवल्यावर ते निकामी होतं. सॅलडमध्ये कच्ची फरसबी घालायची जी टूम निघाली आहे तिच्या वाटेला जाऊ नका. कुरकुरीत हवी असेल तर बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या तव्यावर होते, ती पुढे येतेच आहे.

सोलं कधी घालायची

हे मला एका चतुर्थीने शिकवलं. गौरीचा दिवस, घरात तीसेक माणसं, कांदा-लसूण नाही. मी दोन किलो फरसबी मोठ्या टोपात फोडणीला टाकली आणि चव आत मुरावी म्हणून सोलं सुरुवातीलाच घातली. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. शेंगा शिजायला तयार नाहीत. दाताखाली रबरासारख्या करकर वाजत होत्या आणि रंग शेवाळलेल्या भिंतीसारखा झाला होता. पानं मांडून झाली होती. माझ्या चुलत सासूबाई टोपाशी आल्या, एक शेंग बोटांनी दाबून बघितली आणि म्हणाल्या, "आधी शिजांदे गो, मगे सोला घाल."

त्या एका वाक्यात सगळं शास्त्र आहे. भाजीच्या पेशी एकमेकींना पेक्टिनने चिकटलेल्या असतात. शिजताना ते पेक्टिन सुटतं आणि भाजी मऊ होते. आंबट पाण्यात ते सुटायला तयार नसतं, म्हणून शेंग करकरीत राहते. आणि रंगाचं म्हणाल तर हिरवेपणा देणाऱ्या हरितद्रव्याच्या मध्यभागी मॅग्नेशियम असतं. आम्ल मिळालं आणि वर उष्णता असली की ते बाहेर पडतं आणि हिरव्याचा मातकट शेवाळी होतो. म्हणजे सोलं, आगळ, कैरी, चिंच, लिंबू, टोमॅटो यांतलं काहीही असो, ते शेंग पूर्ण शिजल्यावर, आच बंद करण्याच्या बेतात. आमटीत चिंच घालण्याआधी डाळ शिजवून घेतो, तेच इथे.

उलट टोकाची चूक म्हणजे हिरवा रंग टिकावा म्हणून चिमूटभर खायचा सोडा घालणं. रंग टिकतो, पण शेंगेचा लगदा होतो, साबणासारखी चव येते आणि ब-१ जीवनसत्त्व नष्ट होतं. त्याची गरजच नाही. पाण्याचं गणित जमलं की रंग आपोआप टिकतो.

उकडून ठेवण्याचं पाणी

मोठ्या टोपात दीड लिटर पाणी घ्या. त्यात एक मोठा चमचा भरून, साधारण १५ ग्रॅम मीठ घाला. हे मीठ जास्त वाटेल, पण शेंग त्यातलं थोडंच घेते, बाकीचं पाण्याबरोबर जातं. पाणी खळखळून उकळू लागलं की शेंगा टाका. झाकण ठेवू नका. शेंगेतूनही थोडं आम्ल सुटत असतं, झाकण असलं की वाफेबरोबर उडायचं ते परत टोपातच पडतं आणि रंग उतरतो. पाणी भरपूर असावं हे त्याच कारणासाठी, आणि शेंगा पडल्यावर उकळी मोडू नये यासाठीही.

कोवळी शेंग सहा मिनिटांत होते, जरा मोठी असेल तर आठ. घड्याळापेक्षा दातावर भरवसा ठेवा. एक तुकडा चावून बघा, करकर आवाज आला तर अजून हवी. आवाज गेला आणि तरी शेंगेचं अंग राहिलं की उतरवा. लगेच चाळणीत ओता आणि माठातल्या गार पाण्यात मिनिटभर बुडवा. बर्फ असला तर उत्तम, नसला तर पाणी दोनदा बदला. मग फडक्यावर पसरून कोरड्या करा. ओल्या शेंगेवर कुठलंही वाटप बसत नाही, घसरून ताटाच्या तळाशी साचतं.

अशा उकडलेल्या शेंगा डब्यात दोन दिवस राहतात. सकाळच्या घाईत पुढचं कुठलंही काम मग दहा मिनिटांचं होतं. चवळीच्या शेंगांना चार-पाच मिनिटं पुरतात, त्यांचं अंग पातळ असतं.

बिडाच्या तव्यावर तिरफळ-फरसबी

यादीतली माझी सर्वांत आवडती भाजी हीच, म्हणून हिला जागा जास्त देते.

तिरफळ आपण बांगड्याच्या, तारल्याच्या तिकल्यात घालतो, वाटाण्याच्या, तुरीच्या आमटीत घालतो. त्याचं झाड अंगभर काटेरी, फळं घोसाने लागतात, वाळली की उकलतात आणि आत काळा, चकचकीत दाणा दिसतो. वापरायची ती फक्त साल. दाणा कडसर आणि कडक, तो टाकून द्यायचा. जिभेवर साल ठेवली की आधी संत्र्याच्या सालीसारखा वास येतो, मग जीभ हळूहळू झिणझिणते. चीनमधल्या सिचुआन प्रांतात जी मिरी वापरतात ती तिरफळाच्याच कुळातली, दोघींची झिणझिणही सारखी. आणि त्या प्रांतात हिरव्या शेंगा सुरकुतेपर्यंत कोरड्या परतून त्यात ती मिरी घालायची जुनी पद्धत आहे. हे कळलं तेव्हा मला इतका आनंद झाला! आमच्या फडताळात तिरफळ होतं, चुलीवर बिडाचा तवा होता, शेंगाही होत्या. तिघांची गाठ फक्त कोणी घालून दिली नव्हती.

लागेल ते असं : २५० ग्रॅम फरसबी (उकडलेली नको, कच्चीच), दीड मोठा चमचा खोबरेल, सात-आठ तिरफळं, दोन सुक्या ब्याडगी मिरच्या, चार मोठे चमचे ओलं खोबरं, मीठ, आणि शेवटी अर्ध्या लिंबाचा रस किंवा एक लहान चमचा आगळ. खोबरेल घाण्याचं असेल तर त्याचा वास तिरफळाशी फार जुळतो. नसेल तर शेंगदाण्याचं तेल घ्या.

शेंगा धुऊन फडक्याने अगदी कोरड्या पुसा. हे टाळू नका, पाण्याचा थेंब राहिला तर तव्यावर तेल उडतं आणि शेंग भाजण्याऐवजी वाफवली जाते. घावन-आंबोळीचा बिडाचा तवा किंवा बिडाची कढई चांगली तापवा, इतकी की शिंपडलेला पाण्याचा थेंब नाचत जाईल. तेल टाका, शेंगा एका थरात पसरा. एकावर एक ढीग झाला तर दोन खेपा करा.

आता पहिली दोन मिनिटं हात लावायचा नाही. ढवळण्याची सवय आड येते, पण शेंगेला तव्याशी नीट बसू दिलं नाही तर डाग पडत नाहीत. मग उलथा, पुन्हा दीड-दोन मिनिटं थांबा. असं मध्यम आचेवर बारा-चौदा मिनिटं. मधेच एकदा दोन मोठे चमचे पाणी शिंपडून दोन मिनिटं झाकण ठेवा म्हणजे आतूनही शिजेल. मग झाकण काढून पाणी आटू द्या. शेंगेची साल सुरकुतते, जागोजागी तपकिरी-काळे फोड येतात, आणि वास बदलतो. कच्च्या पाल्याचा वास जाऊन भाजलेल्या कणसासारखा गोड वास येतो. तो आला की शेंग तयार.

हे चालू असताना तिरफळाची साल दाण्यापासून वेगळी करून खलबत्त्यात जाडसर कुटा. मिक्सरमध्ये बारीक पूड करू नका, बारीक झालेलं तिरफळ कडवट लागतं आणि एका घासातच जीभ बधिर करतं. मिरच्या त्याच खलात दोन ठोके देऊन भरड करा.

शेंगा तव्याच्या कडेला सारा, मधे थेंबभर तेल, त्यात मिरचीची भरड दहा सेकंद, लगेच तिरफळ, आणि सगळं एकत्र. मीठ घाला. आच बंद करा. ओलं खोबरं आता, तव्याच्या उरलेल्या उष्णतेवर, म्हणजे ते ओलसर राहतं. भाजी तव्यावरून ताटात काढल्यावर मगच लिंबू किंवा आगळ. आगळात मीठ असतं, म्हणून ते घालणार असाल तर मीठ आधी हात राखून घाला. आणि आंबट पदार्थ बिडाच्या भांड्यात ठेवू नये, लोखंडाचा वास उतरतो, म्हणून भाजी ताटात काढूनच.

यात कांदा-लसूण घालायचा मोह होईल. घालू नका. लसणीपुढे तिरफळ दबतं. म्हणूनच ही भाजी चतुर्थीच्या आणि उपासानंतरच्या नैवेद्याच्या पानातही चालते. उकड्या तांदळाची गरम पेज, वर थोडं मीठ, बाजूला ही भाजी, हा सकाळचा नाश्ता एकदा करून बघा. पेज मऊ आणि कोमट, शेंग खरपूस, आणि मधूनच जिभेवर तिरफळ येतं.

जवळा घातलेली फरसबी

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. आमच्या घरी त्या ६१ दिवसांसाठी मे महिन्यातच सुका जवळा, सोडे, सुके बांगडे भरून ठेवतात. जवळा आपण वांग्यात घालतो, गवारीत घालतो, कांद्यावर परततो. फरसबीत तो घातलेला मी क्वचितच पाहिला आहे, आणि खरं तर तिथे तो सर्वांत चांगला बसतो, कारण शेंग गोडसर आणि जवळा खारट-खमंग.

जवळा साफ करण्यात कंटाळा केला तर पुढचं सगळं फुकट जातं. मूठभर, म्हणजे साधारण २५ ग्रॅम जवळा ताटात पसरून काडी-कचरा वेचा. मंद आचेवर कोरड्या कढईत तीन-चार मिनिटं भाजा, बोटात धरून मोडला तर चुरा व्हायला हवा. निवला की दोन्ही तळहातांत हलक्या हाताने चोळा आणि चाळणीतून चाळा. मिशा आणि वाळू खाली पडते. मग दोनदा भराभर पाण्यातून काढून घट्ट पिळा. जास्त वेळ भिजत ठेवलात तर चव पाण्यात उतरते.

दोन मोठे चमचे तेलावर एक मोठा कांदा बारीक चिरून गुलाबी करा. अलिबागचा पांढरा कांदा मिळाला तर तो घ्या, गोडवा जास्त आणि तिखटपणा कमी. पाच-सहा लसूण पाकळ्या सालीसकट ठेचून टाका. मग जवळा, दोन मिनिटं परतून तेलाला त्याचा वास लागू द्या. पाव चमचा हळद, दीड लहान चमचा मालवणी मसाला. मसाला टाकल्यावर चमचाभर पाणी शिंपडा, नाहीतर तळाशी लागून करपतो. आता बारीक नव्हे पण लहान चिरलेली कच्ची फरसबी घाला, अर्धी वाटी पाणी, आणि झाकण. बारा मिनिटं. या भाजीत रंग थोडा उतरतोच, इथे तो सांभाळण्याचा अट्टहास करू नका, चव मुरणं जास्त महत्त्वाचं.

शेंग दाबून बघा, मऊ लागली की चार सोलं घाला, झाकण ठेवून मंद आचेवर तीन मिनिटं. मीठ अगदी शेवटी, चाखून. जवळ्यात आणि सोलांत दोन्हींत आधीच मीठ असतं. तांदळाच्या भाकरीबरोबर ही भाजी गरम खावी, पण खरं सांगते, दुसऱ्या दिवशी सकाळी ती जास्त चांगली लागते. कोळंबी-जवळ्याची अॅलर्जी असलेलं कोणी पंगतीला असेल तर आधी सांगा, भाजीत मिसळल्यावर जवळा सहज दिसत नाही.

चवळीच्या शेंगा इथे फरसबीपेक्षाही बऱ्या. त्यांचा मातकट स्वाद जवळ्याला धरून राहतो.

फरसबीचं सासव

आंब्याचं सासव आमच्या बाजूला आणि गोव्यात मे महिन्यात होतं. रायवळ आंबे, ओलं खोबरं, गूळ आणि कच्ची मोहरी. मोहरीचा तो नाकात चढणारा झणका म्हणजे सासव. याच वाटपात उकडलेली फरसबी घातली तर गार, ओलसर, जेवणाच्या मधे घ्यायचा एक प्रकार होतो. उन्हाळ्यात कोशिंबिरीच्या जागी मी हाच करते.

मोहरीचं वागणं समजून घेतलं की हे कधी बिघडत नाही. अख्ख्या मोहरीला झणका नसतो. दाणा फुटला आणि त्याला पाणी मिळालं की आतली दोन द्रव्यं एकत्र येऊन तो तयार होतो, आणि त्याला थोडा वेळ लागतो. गरम पाणी घातलं तर ते काम बंद पडतं. सुरुवातीलाच आंबट घातलं तरी अडतं. पण झणका तयार झाल्यावर आंबट घातलं तर तो टिकून राहतो. इथेही आंबट मागाहूनच!

म्हणून असं करा. एक लहान चमचा लाल मोहरी पाट्यावर किंवा मिक्सरच्या लहान भांड्यात गार पाण्याच्या दोन चमच्यांबरोबर वाटा आणि दहा मिनिटं झाकून ठेवा. तोवर एक वाटी ओलं खोबरं, एक सुकी मिरची, चिमूटभर हळद आणि एक मोठा चमचा गूळ यांचं बारीक वाटप करा. दोन्ही एकत्र करा. उकडून, गार करून, कोरडी केलेली फरसबी त्यात घाला. वर दोन लहान रायवळ आंब्यांचा गर हाताने पिळून, बाठ्यांसकट. आंबे नसतील तेव्हा पिकलेल्या अननसाचे तुकडे, पावसाळ्यात ठेचलेला अंबाडा. मीठ. शिजवायचं काही नाही. अर्धा तास ठेवून वाढा. वरून फोडणी हवीच असेल तर ती पूर्ण गार करून घाला, गरम फोडणीने झणका उडतो.

काजूगर, फरसबी आणि नारळाचा रस

ओले काजूगर फेब्रुवारीच्या शेवटी बाजारात दिसायला लागतात, शेकड्याच्या भावाने. महाग वाटतात, पण ज्यांनी काजू फोडून गर काढले आहेत त्यांचे हात पाहिले की भाव करवत नाही. सालीतला डीक कातडी भाजतो. सोललेले गर घ्या, कोमट पाण्यात अर्धा तास ठेवा, वरची पातळ साल बोटाने निघते.

पन्नास काजूगर पुरेत. एका नारळाचं खोबरं वाटून आधी घट्ट रस काढून वेगळा ठेवा, मग त्याच चोथ्यात एक वाटी कोमट पाणी घालून पातळ रस काढा. तेलावर जिरं, दोन हिरव्या मिरच्या उभ्या चिरून, आलं किसून, कढीपत्ता. त्यावर काजूगर आणि पातळ रस, दहा मिनिटं मंद शिजवा. काजूगर बोटात दाबले की दबायला हवेत. मग आधी उकडलेली फरसबी, दोन मिनिटं. आच अगदी मंद करून घट्ट रस घाला आणि कडेला बुडबुडे दिसले की लगेच उतरवा. खळखळ उकळी आली तर रस फाटतो, तेल वर तरंगतं. इथे आंबट नको, मसालाही नको. फार तर मिऱ्याची दोन दाण्यांची ताजी भरड. हिरवी शेंग, पांढरा गर, पांढरा रस. पाहुण्यांना मी हीच वाढते.

हळदीच्या पानात

श्रावणात पातोळ्यांसाठी हळदीची पानं तोडतो तेव्हा दोन जास्त तोडा. उकडलेल्या फरसबीला दोन चमचे ओलं खोबरं, हिरवी मिरची, कोथिंबीर आणि मीठ यांचं जाडसर वाटप चोळा, पानाच्या मधोमध ठेवा, पान चारही बाजूंनी दुमडून दोऱ्याने बांधा. तव्यावर झाकण ठेवून दोन्ही बाजूंनी पाच-पाच मिनिटं. पान काळं पडतं, आत वास कोंडून राहतो. पानं ताटात ज्याची त्याने सोडायची. लिंबू बाजूला द्या.

यावरून काहीजण विचारतात की रायगडच्या पोपटीत फरसबी घालू का. मी घालू नका म्हणेन. पोपटी वालाच्या शेंगांची, मडक्यात भांबुर्ड्याच्या पाल्यात, मीठ-ओवा लावून, आगटीत भाजलेली. वालाची साल जाड असते, ती आतल्या दाण्याला सांभाळते. फरसबीची साल पातळ, पोपटीत ती सुकून दोरीसारखी होते.

घाईच्या दिवसासाठी

उकडलेली फरसबी डब्यात आहे आणि वेळ नाही? गरम साजूक तूप एक चमचा, वर मेतकूट दोन चमचे, मीठ, कालवा. मुलं आवडीने खातात. किंवा दह्यात मिसळून वर हिंग-मोहरीची गार फोडणी. किंवा कुळथाच्या पिठल्यात अगदी शेवटी मूठभर, पिठलं उतरवताना. तांदळाच्या पिठात थोडं बेसन, ओवा, तिखट, मीठ घालून अख्ख्या उकडलेल्या शेंगा बुडवून तळल्या तर भजीही छान होतात. मात्र पीठ घट्ट असू द्या, पातळ पीठ शेंगेवरून गळून जातं.

सोलं विकत घेताना ती बोटाने दाबून बघा. चांगलं आमसूल मऊ, काळपट-जांभळं असतं आणि चिमटीत दाबलं की बोटाला रंग लागतो. कडक, करड्या रंगाचं, वर मीठ पांढरं फुललेलं असेल तर ते जुनं. तिरफळ घेताना मूठभर हातात चोळून नाकाशी धरा, वास लगेच यायला हवा. वर्षाचं तिरफळ एकदम घेतलं तर काचेच्या बरणीत, उन्हापासून लांब ठेवा, आणि कुटायचं ते त्या दिवसापुरतंच.

आणि बिडाचा तवा भाजी झाल्यावर घासणीने घासू नका. गरम असतानाच फडक्याने पुसा, तेलाचं बोट फिरवा. दुसऱ्या दिवशीचं घावन त्याच्यावरच घालायचं असतं.